पेटीवरचं नाव आणि आतला आंबा : कमी पैशातल्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर कसा निवडायचा

मालवणहून एक गृहस्थ बारावी झालेल्या मुलाला घेऊन माझ्याकडे कुडाळला आले होते. घरची होडी, मासळीवर चाललेलं घर. मुलाला कॉम्प्युटर हवा होता, अभ्यासाला आणि गेम खेळायलाही. गेमचं त्याने वडिलांपासून लपवलं नव्हतं, याचं मला कौतुक वाटलं. बजेट पन्नास हजार. वडील म्हणाले, "माका त्यातला कायव कळणा नाय. पण मेवणो सांगता, आय-सेव्हनच घे." मुलाने फोनवरची एक जाहिरात पुढे केली. 'आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम', काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे, किंमत अठरा हजार. एवढ्यात आय७ मिळतोय तर पन्नास हजार कशाला घालवायचे, असा त्याचा सरळ प्रश्न होता.

मी जाहिरातीतलं चित्र मोठं करून पाहिलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक होता, आय७-३७७०. हा प्रोसेसर २०१२ साली बाजारात आला. तेव्हा हा मुलगा अंगणवाडीत जात असेल.

असे प्रश्न घेऊन येणारे सध्या वाढलेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची साथ सोडली आणि घराघरांतले जुने कॉम्प्युटर एका दिवसात 'आता याचं काय करायचं' या यादीत गेले. त्याच सुमारास रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्याकडे कारखाने वळले, आपल्यासारख्यांच्या वाट्याचा माल कमी पडला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने 'क्रुशियल' या नावाने चालणारा ग्राहकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे नवं घ्यायची गरज वाढली आणि तेव्हाच पैसे कमी पुरायला लागले. अशा वेळी प्रोसेसर चुकला तर तो खर्च सगळ्या मशिनला महागात पडतो.

## प्रोसेसर नेमकं करतो काय

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल, तर गेम चालतो कसा हे निम्मं समजल्यासारखं आहे. होडीतला तांडेल पाणी बघतो, मासळीचा थवा कुठे आहे हे ताडतो, जाळं कुठून कुठे सोडायचं ते ठरवतो. मग किनाऱ्यावर दोन्ही टोकांना पन्नासेक माणसं दोर धरून एकाच लयीत ओढतात. तांडेल एकच असतो, पण त्याचं काम डोक्याचं आणि दर वेळी वेगळं. ओढणारे पुष्कळ, आणि सगळ्यांचं काम एकसारखं.

प्रोसेसर हा तांडेल. गेममध्ये शत्रू कुठे उभा आहे, तुम्ही झाडलेली गोळी कुठे लागली, भिंत कोसळली तर तुकडे कुठे पडतील, हे सगळं तो ठरवतो. मग 'आता हे हे रंगवा' अशी यादी ग्राफिक्स कार्डाच्या हातात देतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे दोर ओढणारी माणसं. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. त्यातला प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा, हे कार्डातले हजारो छोटे छोटे भाग एकदम काढतात.

असं एक पूर्ण चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर तांडेल आणि ओढणारे यांना प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंदच मिळतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर सातसुद्धा नाहीत.

## कोण कोणाची वाट बघतंय?

खरेदीआधी मी गिऱ्हाईकाला हा प्रश्न आवर्जून विचारतो, कारण बाकीचे बहुतेक निर्णय यातूनच निघतात.

तांडेल मंद असेल, तर किनाऱ्यावरची माणसं दोर हातात धरून उभी राहतात. माणसं कमी असतील, तर तांडेल होडीत बसून राहतो. दोन्ही वेळा रापण उशिराच येते. कॉम्प्युटरचंही असंच. महागडा प्रोसेसर घेऊन किरकोळ कार्ड लावलं, तर प्रोसेसरवर घातलेले पैसे नुसते बसून राहतात.

कोणता गेम खेळायचा, यावर पारडं कुठे झुकणार ते ठरतं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या गेममध्ये चित्र तुलनेने साधं असतं, पण खेळाडूला सेकंदाला दीडशे-दोनशे फ्रेम हव्या असतात. इथे तांडेलाची धावपळ होते. सिटीज: स्कायलाइन्ससारख्या शहर वसवण्याच्या गेममध्ये हजारो माणसांचा आणि गाड्यांचा हिशोब ठेवायचा असतो, तिथेही भार प्रोसेसरवर. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्पशन २ मध्ये मात्र ऊन, सावली, पाणी, धुकं रंगवायचं असतं, आणि घाम फुटतो तो कार्डाला.

ज्याच्याकडे आधीच मशिन आहे त्याने दुकानात येण्याआधी घरीच एक परीक्षा करावी. गेममध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, एकदम खाली आणायचं. फ्रेम भरपूर वाढल्या, तर आतापर्यंत कार्ड मागे पडत होतं. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या, तर प्रोसेसर मागे पडतोय. ठिपके कमी केल्याने ओढणाऱ्यांचं ओझं हलकं होतं, तांडेलाचं नाही.

इथे बरेच जण फसतात. टास्क मॅनेजर उघडतात, प्रोसेसर ३० टक्केच वापरात दिसतो, आणि 'प्रोसेसर तर मोकळाच आहे' म्हणून नवं कार्ड घेऊन येतात. तो आकडा सगळ्या भागांची सरासरी असतो. आठ वाटा असलेल्या प्रोसेसरमध्ये एकच वाट पूर्ण तुंबली, तरी एकूण आकडा १२.५ टक्केच दिसतो. आणि गेम अडतो तो नेमका त्या एका वाटेवर. त्यापेक्षा कार्डाचा वापर बघावा. गेम चालू असताना कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर प्रोसेसर आपलं काम नीट करतोय असं समजायचं.

पडदाही विसरू नका. घरात ७५ हर्ट्झचा मॉनिटर असेल, तर तो सेकंदाला ७५ चित्रंच दाखवतो. २०० फ्रेम काढणारा प्रोसेसर घेऊन तिथे फारसं हाती लागत नाही.

## आय७ म्हणजे चांगला, असं नाही का?

देवगडच्या पेटीचं उदाहरण आपल्याकडे कुणालाही पटतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरून आलेला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणारे आहेतच. आणि समजा आंबा खरोखर देवगडचा आहे, पण गेल्या मोसमातला आहे. घ्याल का?

'आय७' हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं पेटीवरचं नाव. त्या वर्षीच्या मालात हा वरच्या दर्जाचा होता, एवढंच ते सांगतं. वर्ष कोणतं, ते पुढच्या आकड्यांत असतं. आय७-३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. आय३-१२१००एफ मधले पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी. हा जानेवारी २०२२ मध्ये आला. दोघांच्या मध्ये दहा वर्षं आहेत. तिसऱ्या पिढीच्या आय७ पेक्षा बाराव्या पिढीचा आय३ गेममध्ये स्पष्टपणे पुढे आहे, आणि हे मी कितीदा सांगितलं तरी नवं येणारं गिऱ्हाईक एकदा चमकतंच.

त्यात विंडोज ११ ची अट आहे. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा आणि प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे. आय७-३७७० त्या यादीच्या जवळपासही नाही. आडवाटेने विंडोज ११ घातलं, तरी व्हॅलोरंटची फसवणूक रोखणारी यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागते, आणि त्या काळच्या बोर्डांवर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डांवर, त्या मिळणं कठीण. तो मुलगा खेळणार होता व्हॅलोरंटच.

शेवटच्या अक्षरालाही अर्थ आहे, आणि चुकलं तर घरी जाऊन पडदा काळा दिसतो. इंटेलमध्ये 'एफ' असेल तर प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय चित्र येणारच नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी सारख्या नावात 'जी' असेल तर पोटात बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. 'के' म्हणजे वेग वाढवायला मोकळा, पण त्याला महागडा बोर्ड आणि मोठा कूलर लागतो. कमी बजेटवाल्याने त्या वाटेला जाऊ नये.

## घाव किती, आणि एका घावात तुटतं किती

आय७-३७७० आणि आय३-१२१००एफ शेजारी ठेवले, तर कागदावर जुळे वाटतील. दोघांनाही चार कोर, दोघांनाही आठ थ्रेड. वेग पहिल्याचा ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत, दुसऱ्याचा ४.३ पर्यंत. मग फरक कशात?

गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती घाव. पण लाकूड फोडताना नुसते घाव मोजून चालत नाही. बोथट कोयत्याचे दहा आणि नुकत्या धार लावलेल्या कोयत्याचे पाच, यात ढीग कोणाचा मोठा होईल ते वेगळं सांगायला नको. दर पिढीत प्रोसेसरची धार वाढत गेली आहे, एका घावात जास्त काम उरकतं. म्हणून या दोघांत, आकडे इतके जवळ असूनही, एका कोरचं काम नवा दीडपटीहून जास्त वेगाने करतो. वेगवेगळ्या पिढ्यांचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे गिगाहर्ट्झ शेजारी ठेवून तुलना करू नका. एकाच पिढीत, एकाच घराण्यात तेवढी ती चालते.

## कोर, थ्रेड आणि बिडाचे दोन तवे

कोर म्हणजे प्रोसेसरमधला एक स्वतंत्र काम करणारा. सहा कोर म्हणजे चुलीपुढे सहा बायका.

एक घावन तव्यावर पडलं की त्याला लागेल तेवढा वेळ लागतोच. सहा जणी आल्या म्हणून ते एकच घावन सहापट लवकर होत नाही. दोनशे घावणे घालायचे असतील तर मात्र सहा जणींचा उपयोग आहे. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी रेंडरिंग हे दोनशे घावण्यांचं काम. गेममध्ये थोडी कामं वाटता येतात, पण एक मुख्य काम असं असतं की आधीचं झाल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. म्हणून गेमसाठी एकेका कोरचा वेग आधी बघायचा आणि कोरची संख्या नंतर.

थ्रेड म्हणजे तवे. हातखंडा असलेली बाई दोन तवे एकदम सांभाळते. एकावर झाकण ठेवलं की दुसऱ्यावर पीठ घालते. तिचा रिकामा वेळ वाया जात नाही, पण म्हणून ती दोन बायका होत नाही. '१२ थ्रेड' वाचून '१२ कोर' असा हिशोब करू नये. काम थोडं वाढतं, दुप्पट होत नाही.

मग कोर किती हवेत? प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे दोन्ही २०२० चे कन्सोल आठ कोरांचे आहेत, आणि मोठे गेम आधी त्यांच्यासाठी बनतात. तरी ते कोर आजच्या मानाने संथ आहेत, त्यामुळे नव्या पिढीचे सहा कोर त्यांच्याशी आरामात जुळवून घेतात. चार कोर आज चालतात, पण काही नव्या गेममध्ये सरासरी फ्रेम चांगल्या दिसूनही मध्येच झटके बसतात. एसटी ऐंशीने जात असावी आणि दर वळणावर गचका बसावा, तसं. माझं मत स्पष्ट आहे. फक्त व्हॅलोरंटसारखं हलकं खेळायचं आणि हात फारच आखडलेला असेल तर आय३-१२१००एफ घ्या. दोन-तीन हजार जास्त निघत असतील, तर सहा कोरच घ्या.

## हाताशी असलेला ढीग

एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या भरताना बघा. भरणारा बसलेला असतो, उजव्या हाताला निवडलेले आंबे, डाव्या हाताला गवताचा पेंढा. तेवढं संपलं की उठून पडवीत जायचं. पडवीत संपलं की बागेत. हात कितीही चलाख असो, उठबस वाढली की दिवसाच्या पेट्या कमी होतात.

प्रोसेसरच्या पोटात असलेली थोडी, पण अतिशय वेगवान मेमरी म्हणजे कॅश. हा हाताशी असलेला ढीग. रॅम म्हणजे पडवी, आणि सगळं कायमचं साठवणारी एसएसडी म्हणजे बाग. गेमला सारखी वेगवेगळी माहिती लागते, म्हणून हाताशी ढीग मोठा असला की फार फरक पडतो. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. त्यात कॅशचा एक जादा थर चढवून ती ९६ एमबी केली, आणि गिगाहर्ट्झ त्याच्या साध्या भावंडापेक्षा कमी असूनही तो गेममध्ये पुढे गेला.

आपल्या बजेटला तो परवडत नाही, पण धडा उपयोगी आहे. रायझन ५ ५६००, ५५०० आणि ५६००जी ही तीन नावं ऐकायला सख्खी भावंडं. तिघांना सहा कोर, बारा थ्रेड. पण ५६०० ला कॅश ३२ एमबी आणि बाकी दोघांना १६. शिवाय कार्डाशी बोलायची वाट ५६०० ला नव्या पद्धतीची, दुसऱ्या दोघांना जुन्या. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं स्वस्त कार्ड मुळातच अरुंद वाटेवर चालतं, ते जुन्या वाटेवर आणखी अडखळतं. दुकानदार 'एकच आहेत हो दोन्ही' म्हणाला, तर कॅशचा आकडा दाखवा.

## कार्डाला पैसेच नसतील तर?

मग एफ नको, जी घ्या. रायझन ५ ५६००जी वर व्हॅलोरंट आणि जीटीए ५ सेटिंग खाली ठेवून खेळता येतात, आणि पुढे पैसे जमले की कार्ड लावता येतं. एएमडीच्या एएम५ या नव्या खाचेत बसणारा ८६००जी आहे, जानेवारी २०२४ चा. त्याच्या पोटातलं ग्राफिक्स बरंच दमदार, पण त्यासाठी बोर्ड आणि रॅम दोन्ही महाग.

इथे एक गोष्ट कृपा करून ऐका. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उधार घेतं. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्या म्हणजे पडवीला दोन दारं. एकाच पट्टीवर ५६००जी चालवणाऱ्या मुलाला मी दुसरी पट्टी लावून दिली, तेव्हा नवा प्रोसेसर घातल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

## प्रोसेसर एकटा येत नाही

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट ठरलं की बोर्ड ठरला, बोर्ड ठरला की रॅमचा प्रकार ठरला, आणि पुढे काय बदलता येईल तेही ठरलं. त्यामुळे भाव करताना प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांचा एकत्र करावा.

एएमडीचा एएम४ हा २०१६ पासूनचा सॉकेट, त्याला डीडीआर४ रॅम. २०२२ चा एएम५, त्याला फक्त डीडीआर५. एएम५ साठी २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर काढू, असं एएमडीने सांगितलं आहे. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा सॉकेट एकच, आणि त्याचे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे, डीडीआर५ चे वेगळे मिळतात. पुढच्या पिढीला इंटेलने सॉकेट बदलला.

पूर्वी मी सांगायचो की चार पैसे जास्त घाला, एएम५ घ्या, पुढे फक्त प्रोसेसर बदलता येईल. रॅम महागल्यापासून मी आधी विचारतो, घरात, नात्यात कुणाकडे डीडीआर४ च्या पट्ट्या पडून आहेत का? असतील तर एएम४ किंवा इंटेलचा डीडीआर४ बोर्ड घ्या. रॅमचे वाचलेले पैसे कार्डात घाला. पट्ट्या नसतील आणि दोनेक वर्षांनी नक्की वाढवायचं असेल, तर एएम५ वर रायझन ५ ७५००एफ बघा. त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही, हे लक्षात ठेवून.

बोर्डाबद्दल माझ्यावर बेतलेलं सांगतो. २०२२ च्या पावसाळ्यात एका गिऱ्हाईकासाठी रायझन ५ ५६०० आणि बी४५० चा बोर्ड मागवला. सगळं जोडलं, पंखे फिरले, पडदा काळाच. बोर्ड जुन्या साठ्यातला होता, त्याच्या आतल्या मूळ प्रोग्रॅमला, म्हणजे बायोसला, हा नवा प्रोसेसर ओळखताच येत नव्हता. बायोस बदलायचा तर आधी चालू करायला जुना रायझन हवा, आणि तो माझ्याकडे नव्हता. बोर्ड दोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून फोंडा घाटातून कोल्हापूरला गेलो, दहा मिनिटांचं काम करून आणलं, पूर्ण दिवस गेला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शेजारच्या दुकानात जाऊन हे होतं. आपल्याकडे घाट चढावा लागतो. म्हणून मागवण्याआधी 'या प्रोसेसरसाठी बायोस तयार आहे का' हे लिहून घ्या, किंवा प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो असा बोर्ड घ्या.

## इंटेल की एएमडी?

या बजेटमध्ये आय५-१२४००एफ आणि रायझन ५ ५६०० गेममध्ये जवळजवळ बरोबरीचे आहेत. बोर्डासकट ज्याचा भाव कमी पडेल तो घ्या. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

कार्ड कोणतं लावणार, हे मात्र सांगा. इंटेलचं आर्क बी५८० हे कार्ड किमतीच्या मानाने चांगलं आहे, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. जुन्या किंवा साध्या प्रोसेसरसोबत ते मागे पडतं, हे २०२५ च्या सुरुवातीला चाचण्या घेणाऱ्यांनी दाखवून दिलं. चांगला तांडेल असेल तरच कामाला उठणारी माणसं ती.

## जुना घेतला तर फसतो का?

प्रोसेसर सहसा मरत नाही. बोर्ड मरतो, वीजपुरवठ्याचा डबा मरतो, प्रोसेसर राहतो. त्यामुळे वापरलेला प्रोसेसर घ्यायला मी नाही म्हणत नाही. एएम४ असेल तर उलटा करून उजेडात तिरका धरा. खाली १,३३१ सुयांसारखे पाय असतात, आणि तिरकं पाहिलं की रांगेतून एखादा जरी वाकलेला असला तरी लगेच नजरेत येतो. इंटेलमध्ये पाय बोर्डावर असतात, तिथे प्रोसेसर नव्हे, बोर्डाची खाच तपासायची.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉपवरचे जोरकस प्रोसेसर वापरलेले घेताना सावध राहा. जादा व्होल्टेजमुळे त्यातले काही कायमचे बिघडत होते, २०२४ मध्ये इंटेलने ते मान्य करून बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती पुढचं नुकसान टाळते, झालेलं भरून काढत नाही. बाराव्या पिढीला हा त्रास नाही.

नवा घेताना 'ट्रे' आणि 'बॉक्स' विचारा. बॉक्सवर तीन वर्षांची वॉरंटी, आणि वर सांगितलेल्या ५६०० किंवा १२४००एफ बरोबर पेटीतच कूलर येतो. ट्रे म्हणजे सुटा माल. थोडा स्वस्त, कूलर नाही आणि वॉरंटी विकणारा देईल ती.

## खारा वारा, जांभा आणि जाणारी वीज

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात हे नसतं, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याला प्रोसेसर निवडताना हे धरावंच लागतं.

कमी वीज खाणारा प्रोसेसर आपल्याकडे दुहेरी उपयोगी. रायझन ५ ५६०० पूर्ण जोरात ७६ वॉटच्या आसपास राहतो, आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉटचं. बाकीचं धरून मशिन अडीचशेच्या घरात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत तग धरतो, म्हणजे वीज गेली तरी गेम सोडून मशिन नीट बंद करायला वेळ मिळतो. मोठा प्रोसेसर घेतला की यूपीएसही मोठा.

उन्हाळ्यात जांभा सुकला की घराचं अर्थिंग कमजोर होतं. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर प्रोसेसर राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू आणि कूलरच्या पट्ट्या गंजतात. समुद्राकडची खिडकी आणि कॅबिनेट यांच्यात अंतर ठेवा. पावसाळ्यात मशिन आठवडे बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालू राहिली की आतली ओल सुकते. आणि चिपळूणने २२ जुलै २०२१ ला काय पाहिलं ते आठवून, पूर येणाऱ्या भागात कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका.

## त्या मुलाने काय घेतलं

त्याच्या मुंबईच्या चुलतभावाने ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या दिल्या. मग रायझन ५ ५६००, बी५५० चा बोर्ड, आरएक्स ६६०० कार्ड, एक टीबी एसएसडी. घरातला ७५ हर्ट्झचा मॉनिटर तसाच ठेवला. उरलेल्यात यूपीएस बसला. रंगीत दिव्यांची काचेची कॅबिनेट सोडावी लागली, त्याचं त्याला थोडं वाईट वाटलं.

प्रोसेसर खाचेत त्यानेच बसवला. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवायचा आणि वरून दाबायचं नाही, आपोआप उतरतो, एवढंच मी सांगितलं. वडील शेजारी उभे राहून बघत होते. रापण, तांडेल हे सगळं मी मघाशी त्यांच्यासमोरच बोललो होतो. मशिन चालू झाली, तेव्हा त्यांनी उघड्या कॅबिनेटकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यातलो तांडेल खंयचो?" मुलाने कूलरखालची जागा दाखवली.